परवाना एकाच्या नावावर, ऐकणारं अख्खं घर

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून हल्ली एक विषय हमखास ऐकू येतो : 'पॉडकास्ट आणि ओटीटीमुळे बदललेल्या ऐकण्या-बघण्याच्या सवयी'. विषय चांगला आहे. पण सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद बहुतेक वेळा एकाच छापाचा असतो. पूर्वी लोक एकत्र बसून रेडिओ ऐकायचे, मग टीव्ही आला, मग मोबाईल आला आणि आता ज्याच्या त्याच्या कानात इयरफोन. सामूहिक ऐकण्याकडून व्यक्तिगत ऐकण्याकडे जाणारी एक सरळ रेघ.

ही रेघ पूर्ण खोटी नाही. पण ती कशाच्या आधारावर ओढली, असं व्हायवात कुणी विचारलं तर पंचाईत होते. कारण ऐकणं मागे काही ठेवत नाही. वाचणारा निदान समासात खुणा करतो, ग्रंथालयाच्या नोंदवहीत सही करतो. ऐकणाऱ्याचं तसं नसतं. मग आपल्या हाती काय येतं? तर ऐकणाऱ्यांची कुणीतरी, स्वतःच्या कामासाठी केलेली मोजणी. आजच्या लेखात मला एवढंच सांगायचं आहे : ज्याने मोजलं त्याने आपल्या गरजेप्रमाणे एकक ठरवलं, आणि ते एकक म्हणजे लोकांची सवय नव्हे. हा फरक लक्षात ठेवला तर जुनी कागदपत्रंही वेगळी दिसतात आणि आजचा डेटाही. काही उदाहरणं घेऊन बघू.

पहिलं उदाहरण : परवाना

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. कंपनी तीन वर्षांतच बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. या सगळ्या काळात रेडिओ संच बाळगायला परवाना लागायचा. १९३३ च्या कायद्याने तर विनापरवाना संच ठेवणं हा गुन्हाच ठरला. परवान्याचं काम पोस्टाकडे होतं. दरवर्षी फी भरायची आणि पुस्तिकेवर नोंद करून घ्यायची. अनेक जुन्या घरांच्या ट्रंकेत अशी पुस्तिका अजूनही सापडते.

रेडिओच्या इतिहासात श्रोत्यांची वाढ दाखवायला हेच परवान्यांचे आकडे वापरले जातात. पण परवाना मोजतो संच, श्रोते नाही. चाळीतल्या एका खोलीतला रेडिओ गॅलरीभर ऐकू जायचा. हॉटेलातला रेडिओ चहा पिणारे आणि न पिणारे दोघंही ऐकायचे. आणि परवान्यावर नाव असायचं ते बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचं.

याचा परिणाम मुलाखतींवरही होतो. ऐंशीच्या घरातल्या आजींना थेट विचारा, "तुम्ही रेडिओ ऐकायचात का?" उत्तर येऊ शकतं, "छे गं, रेडिओ ह्यांचा होता." मग प्रश्न बदलून विचारा, "दुपारी स्वयंपाकघर आवरताना घरात काय चालू असायचं?" आता 'वनिता मंडळ' आठवेल, 'आपली आवड' आठवेल, एखाद्या श्रुतिकेतली पात्रं नावानिशी आठवतील. आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हिशेबात रेडिओ 'ऐकणं' म्हणजे हात रिकामे ठेवून खुर्चीत बसून ऐकणं, आणि तो मान घरात दुसऱ्याचा होता. नुसत्या परवान्याच्या कागदावरून हे कधीच कळणार नाही.

दुसरं उदाहरण : पुण्याचा प्रयोग

'एकत्र ऐकणं' हा शब्दप्रयोग आपण फार सहज करतो. त्याची महाराष्ट्रात एक नोंदलेली केस आहे आणि संशोधन पद्धती शिकणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी. १९५६ च्या सुरुवातीला पुणे आकाशवाणी केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने ग्रामीण रेडिओ श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं, एकूण २० कार्यक्रम. गावातल्या मंडळाने ठरलेल्या वेळी जमायचं, शेतीविषयक कार्यक्रम ऐकायचा, लगेच चर्चा करायची आणि आपलं म्हणणं व शंका केंद्राला कळवायच्या. मूल्यमापनाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं. पॉल न्यूरॅथ यांनी त्याचा अभ्यास मांडला. जगदीशचंद्र माथुर आणि न्यूरॅथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

संशोधनाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की तुलनेसाठी वेगळी गावं निवडली होती. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काही गावांत रेडिओच नव्हता. म्हणजे बदल रेडिओमुळे झाला की जमून चर्चा केल्यामुळे, हे वेगळं काढायचा प्रयत्न झाला. निष्कर्ष मंडळांच्या बाजूने गेला : चर्चा करणाऱ्या गावांत माहिती जास्त टिकली.

आता आपल्या सरळ रेघेकडे वळू. इथलं 'एकत्र ऐकणं' आपोआप झालेलं नव्हतं. त्यासाठी संघटना उभारावी लागली, निमंत्रक नेमावा लागला, वेळ ठरवावी लागली. नुसता रेडिओ असलेल्या गावाला जे साधलं नाही ते मंडळाने साधलं, याचा अर्थ सामूहिकता यंत्रात नव्हती, ती माणसांनी घडवली होती. आणि इथेही एककाचा प्रश्न आहेच. अहवालाचं एकक 'मंडळ' आहे. मंडळाच्या यादीत गावातलं कोण आहे, कोण नाही, आणि भिंतीपलीकडे उभं राहून कोण ऐकत होतं, हे प्रश्न आपण त्या कागदांना विचारायचे असतात.

तिसरं उदाहरण : फर्माईशीची पत्रं

१९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' तिथे सुरू झाली. शेवटी आकाशवाणीलाही ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. या काळातला सगळ्यात जिवंत पुरावा म्हणजे श्रोत्यांची पत्रं. हवं ते गाणं कळवायचं, खाली आपलं नाव, घरच्यांची नावं, गावाचं नाव.

तेव्हाच्या बिहारातलं आणि आजच्या झारखंडमधलं झुमरी तलैया हे गाव याच पत्रांमुळे देशभर माहीत झालं. पण त्यावरून तिथे सर्वांत जास्त श्रोते होते असं म्हणता येईल का? नाही. तिथे पत्र लिहिण्याची चढाओढ होती, एवढंच म्हणता येईल. पत्र मोजतं ते लिहिणाऱ्याला. पोस्टकार्डाचा खर्च परवडणारा, लिहिता येणारा, नाव ऐकायची हौस असलेला माणूस त्यात दिसतो. निरक्षर श्रोता त्यात नाही.

तरी ही पत्रं एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध करतात. 'माझं गाणं', 'माझं नाव' ही भावना इयरफोनच्या कितीतरी आधीची आहे. सगळ्या देशाबरोबर ऐकत असतानाही आपलं नाव पुकारलं जावं यासाठी माणूस आठवडे वाट बघत होता. हे ऐकणं सामूहिक म्हणायचं की व्यक्तिगत? सरळ रेघ इथे तुटते.

चौथं उदाहरण : ज्याची मोजणीच झाली नाही

१९८० च्या दशकात रेडिओचा परवाना रद्द झाला. सामान्य माणसाची कटकट गेली, पण ती मोजणीही बंद पडली. याच सुमारास कॅसेट घरोघर पोहोचली. उत्तर भारतातल्या कॅसेटवर पीटर मॅन्युएल यांचं १९९३ चं पुस्तक हा आजही पाया मानला जातो. स्थानिक बोली, भजनं, लोकगीतं या सगळ्यांना स्वस्त कॅसेटने बाजार कसा मिळवून दिला, हे त्यात सापडतं.

पण कॅसेट आणि स्ट्रीमिंग यांच्यामधला एक काळ आपल्या डोळ्यांसमोर घडला आणि जवळपास कोरा राहिला. एसटी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड 'भरून' मिळायचं. दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघून विचारायचा, "नवीन टाकू की जुनी?" लावणी, कव्वाली, कीर्तन, भीमगीतं, विनोदी क्लिप्स, सगळं त्याच्या कॉम्प्युटरवर फोल्डर करून ठेवलेलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि हा धंदा बघता बघता ओसरला. कॉपीराइट धाब्यावर बसवून चाललेल्या या व्यवहाराची पावती कोण ठेवणार? कुणी मोजलं नाही म्हणून ऐकणं झालं नाही, असं थोडंच आहे! उलट अनेक खेड्यांत 'माझ्या आवडीची यादी माझ्या खिशात' ही सवय इथेच लागली. त्यानंतर आलेल्या ॲप्सना तयार श्रोता मिळाला.

आणि आजचा डेटा

आता तरी सगळं मोजलं जातं ना? मोजलं जातं, पण प्रश्न तोच. डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने पहिल्यांदाच १८ हजारांहून अधिक शीर्षकांची सविस्तर यादी जाहीर केली. त्यातलं एकक होतं : पाहिले गेलेले तास. किती माणसांनी, कुणाबरोबर बसून, मन लावून की भाजी निवडत पाहिलं, हे त्यात नाही. शिवाय घरात एक अकाउंट, पासवर्ड मामाकडे, बघणारी भाची. जुन्या परवान्याची आठवण येते की नाही? नाव एकाचं, बघणारे वेगळेच.

मग करायचं काय? तीन गोष्टी सुचवतो.

एक, प्रत्येक साधनापुढे वहीत दोन ओळी लिहा : हे कुणी मोजलं आणि काय मोजलं. परवाना, अहवाल, पत्र, ॲपचा डेटा, सगळ्यांसाठी.

दोन, वेगवेगळ्या एककांची दोन साधनं शेजारी ठेवा. डेटासोबत मुलाखत, अहवालासोबत आठवणी. यूट्यूबवरचा आपला बघण्याचा इतिहास गूगलच्या टेकआऊट सुविधेतून उतरवून घेता येतो. सहभागी व्यक्तीने तो स्वतः उतरवून, वाचून, नको ते काढून, लेखी संमतीने दिला तरच वापरा. कुणी काय बघतं ही फार खाजगी गोष्ट आहे. मुलाखत घेताना तो कागद समोर ठेवला की "हे मी नाही, मुलाने लावलेलं" अशी वाक्यं येतात. तीच तुमची खरी सामग्री.

तीन, विषय लहान करा. 'बदलत्या सवयी' हा विषय नव्हे, ते प्रकरणाचं नाव झालं. 'एका तालुक्यातले मेमरी कार्ड भरणारे दुकानदार, साधारण २००८ ते २०१६' हा विषय आहे. यातले बहुतेक दुकानदार आज चाळिशी-पन्नाशीत असतील, दुकानं कव्हर आणि चार्जर विकत चालू असतील, आणि एखाद्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर ते फोल्डर अजून असतील. हार्ड डिस्क बिघडते, भंगारात जाते.

१९५६ साली पंधरा वर्षांची असलेली व्यक्ती आज ऐंशी ओलांडून गेली आहे. त्यामुळे विषय अजून पक्का झाला नसेल तरी एक काम या महिन्यातच करून ठेवता येईल. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, काम करताना कानावर काय पडायचं. संमती घेऊन रेकॉर्ड करा, तारीख, गाव आणि वय लिहा, आणि फाईलची एक प्रत दुसरीकडे ठेवा. थिअरी नंतर वाचता येते.