श्रोत्यांनी जपलेला इतिहास : 'ग्रेटफुल डेड'च्या मैफली

संगीताच्या इतिहासाची साधने म्हणून आपण प्रामुख्याने कंपन्यांनी प्रकाशित केलेल्या ध्वनिमुद्रिकांकडे पाहतो. अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' या रॉक वाद्यवृंदाच्या उदाहरणावरून ही दृष्टी अपुरी असल्याचे दिसते. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेला हा वाद्यवृंद प्रत्येक मैफलीत गाण्यांचा क्रम व विस्तार बदलत असे. त्यामुळे चाहते मैफली स्वतःच ध्वनिमुद्रित करू लागले. १९८४ मध्ये वाद्यवृंदाने त्यांच्यासाठी मैफलीच्या ठिकाणी स्वतंत्र जागा राखून ठेवली.

कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ ची मैफल वाद्यवृंदाच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी मुद्रित केली होती. तिच्या प्रती कॅसेटींवरून हातोहात फिरल्या. चाहत्यांनी त्या वर्षानुवर्षे ऐकून, इतर मैफलींशी ताडून तिचे मोल ठरविले. २०१२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिचा समावेश केला. अधिकृत प्रकाशन मात्र २०१७ मध्ये झाले.

म्हणजेच, राष्ट्रीय वारसा म्हणून मिळालेली मान्यता प्रकाशनाच्या आधीची आहे. आजन्म रसिक हा केवळ ग्राहक नसून साधनांचा संग्राहक व परीक्षकही असतो. घरोघरच्या कॅसेटी जीर्ण होऊन नष्ट होण्यापूर्वी त्यांची नोंद घेणे, हे इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.