घोड्यावरची सम्राज्ञी

घोड्यावर स्वार झालेली झाशीची राणी आपल्या लहानपणापासूनच्या परिचयाची आहे. युरोपात मात्र अशी चित्रे बहुधा राजांचीच काढीत. फुरफुरणारा घोडा जो सहज आवरतो, तो राज्यही आवरील, हा त्यांतील अर्थ. रशियाच्या कॅथरिनने तोच अर्थ स्वतःसाठी उचलला.

ती जन्माने जर्मन. रशियाच्या राजवंशाचे रक्त तिच्या अंगी नव्हते. १७६२ साली पती तिसरा पीटर याच्याविरुद्ध उठून तिने सत्ता घेतली. रक्षकदलाचा पुरुषी गणवेश चढवून, सैन्याच्या अग्रभागी ती पीटरहोफकडे निघाली. डॅनिश चित्रकार एरिकसेन याने तिला तशीच रंगविली: पांढरा घोडा, हाती नंगी तलवार आणि बैठक पुरुषासारखी. दरबारी स्त्रियांनी दोन्ही पाय एकाच बाजूस ठेवून बसावे, असा त्या काळचा शिष्टाचार होता. जन्माने न मिळालेला हक्क तिने त्या बैठकीतून सांगितला. हे चित्र पीटरहोफच्याच राजवाड्यात, सिंहासनाच्या दालनात आहे.

तिने ३४ वर्षे राज्य केले. परंतु भूदास शेतकऱ्यांचे पाश तिच्या काळी अधिकच आवळले गेले. म्हणून असे चित्र पाहताना लगाम कोणाच्या हाती आहे हे पाहावे, तसेच तो कोणाच्या तोंडी आहे हेही पाहावे.