काळ्या पाण्याची शिक्षा, निळ्या पाण्यावर

तुर्कस्तानात बोट भाड्याने घेऊन एक आठवडा समुद्रावर काढायचा असं मनात आलं आणि नेटवर शोधायला बसलात, की पाच मिनिटांत दोन शब्द पाठ होतात. पहिला 'गुलेत'. म्हणजे दोन डोलकाठ्यांची, पोटात रुंद अशी लाकडी बोट. खाली केबिन्स, मागच्या बाजूला सगळ्यांना पुरेल असं जेवणाचं टेबल, पुढे लोळायला गाद्या. बोटीबरोबर कप्तान, स्वयंपाकी आणि एखाददुसरा खलाशी येतो. साधारण शनिवारी चढायचं आणि पुढच्या शनिवारी उतरायचं. अख्खी बोट परवडत नसेल तर नुसती केबिन मिळते, मग शेजारी कोण येईल ते नशीब. ज्यांच्याकडे शिडाच्या बोटीचं लायसन्स आहे ते खलाशांशिवायची यॉट घेतात आणि स्वतःच हाकतात. आपल्यातल्या बहुतेकांची मजल तिथपर्यंत जात नाही, म्हणून गुलेत.

दुसरा शब्द 'ब्लू क्रूझ'. हा तर प्रत्येक एजंटाच्या पानावर असतो. मला आधी वाटलं, मार्केटिंगवाल्यांनी शोधून काढलेलं गोंडस नाव असणार. निळं पाणी, निळं आकाश, झालं! पण या नावामागे निघाला एक कैदी. आणि त्याची गोष्ट वाचत गेलो तसं ट्रिपचं बजेट राहिलं बाजूला.

या गृहस्थाचं नाव जेवात शाकिर. जन्म १८९० चा, घराणं बड्या ऑटोमन पाशाचं. इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात शिकला, मग ऑक्सफर्ड. भाषा पाच-सहा येत होत्या. पुढे सगळं बिनसलं. १९१४ मध्ये वडील बंदुकीच्या गोळीने मेले आणि त्या खुनाबद्दल मुलाला १५ वर्षांची शिक्षा झाली. क्षय झाला म्हणून ७ वर्षांनी सुटला. बाहेर आल्यावर पोटासाठी मासिकांची मुखपृष्ठं रंगवायची, गोष्टी लिहायच्या, असं चाललं होतं.

एप्रिल १९२५ मध्ये त्याने एका साप्ताहिकात एक गोष्ट छापली. विषय होता फौजेतून पळालेल्या शिपायांना झालेली फाशी. तुरुंगात ऐकलेलं लिहिलं होतं, पण वेळ अगदी चुकीची. पूर्वेला शेख सैदचं बंड झालेलं, मार्चमध्ये सरकारने सुव्यवस्थेच्या नावाखाली कडक कायदा आणलेला आणि 'स्वातंत्र्य न्यायालयं' नावाची विशेष कोर्टं बसलेली. या कोर्टांतून लोक थेट फासावर जात होते. जेवात शाकिरला तीन वर्षांची हद्दपारी झाली. ठिकाण, बोदरुमचा किल्ला.

इथे एक भाषेची गंमत आहे. तुर्कीत 'बोदरुम' म्हणजे तळघर. गावाच्या नावाचा त्या अर्थाशी संबंध नाही, ते सेंट पीटरच्या किल्ल्यावरून पडलंय म्हणतात. पण शिक्षा ऐकणाऱ्या क्षयाच्या पेशंटला हे व्युत्पत्तीशास्त्र काय कामाचं? शिपायांच्या पहाऱ्यात, मजल दरमजल करत हा निघाला तो अंधारकोठडीच्या तयारीनेच.

आणि पोचला तेव्हा समोर हा एवढा समुद्र! किल्ल्यात कैदी ठेवायची सोयच नव्हती. तिथल्या अधिकाऱ्याने त्याला सरळ गावात राहायला सांगितलं. त्याने समुद्राकाठी घर भाड्याने घेतलं. (हद्दपार माणूस सी-फेसिंग घर घेतो, आणि आपण ईएमआय मोजत बसतो. असो.) शिक्षेचा पुढचा भाग त्याला इस्तंबूलला काढायला लावला. तो संपला, माणूस मोकळा झाला आणि आपणहून बोदरुमला परत गेला. वीसेक वर्षं राहिला.

बोदरुम तेव्हा अगदी कोपऱ्यातलं गाव होतं. धंदा मासेमारीचा, आणि त्याहून मोठा स्पंजचा. पाणबुडे समुद्राच्या तळावरून खराखुरा स्पंज कापून आणायचे. हवेचा पंप आणि हेल्मेटवाला पोशाख आल्यावर खोल जाता येऊ लागलं, पण पटकन वर आलं की रक्तात बुडबुडे होतात हे शरीराला कळायचं, मालकाला नाही. कितीतरी जण लुळे झाले, कितीतरी मेले. जेवात शाकिर या लोकांबरोबर समुद्रावर जाऊ लागला, त्यांच्यावर लिहू लागला. बाहेरून बिया मागवून गावात झाडं लावली. टोपणनाव घेतलं 'हालिकार्नास बालुकचुसु', म्हणजे हालिकार्नाससचा कोळी. हालिकार्नासस हे बोदरुमचं प्राचीन नाव. इतिहासकार हिरोडोटस इथलाच, आणि सात आश्चर्यांतली मावसोलसची समाधीही इथलीच. तिची शिल्पं १८५० च्या दशकात इंग्रजांनी ब्रिटिश म्युझियममध्ये नेली. किस्सा असा सांगतात, की या कोळ्याने म्युझियमला पत्र धाडलं: ही शिल्पं बोदरुमच्या निळ्या आकाशाखाली शोभतात, परत करा. उत्तर आलं: सूचनेबद्दल आभार, आम्ही त्या दालनाला निळा रंग दिला आहे. किस्सा म्हणून फर्स्ट क्लास!

आता बोटीकडे येऊ. १९४० च्या दशकाच्या मध्यावर कोळीबुवांनी इस्तंबूल-अंकाराच्या मित्रांना बोलावून स्पंजवाल्यांच्या बोटीतून किनाऱ्याने फिरवायला सुरुवात केली. साबाहात्तिन एयुबोग्लू हा त्यांतला प्रमुख, लेखक आणि अनुवादक. पुढे अझ्रा एरहात आल्या, ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासक. केबिन नाही, फ्रीज नाही, संडासाचं नाव काढू नका. झोपायचं डेकवर. सामान काय? पाणी, चीज, टोस्टसारखा कडक पाव, तंबाखू आणि राकी. बाकी समुद्र देईल ते. नियम एकच महत्त्वाचा: वर्तमानपत्र आणि रेडिओ बंद.

हा 'डिजिटल डिटॉक्स'चा पूर्वज वाटेल, पण त्या लोकांची परिस्थिती बघा. १९४० पासून शिक्षणमंत्री हसन आली युजेलच्या काळात सरकारनेच जगभरातल्या अभिजात ग्रंथांची भाषांतरं करवून घेतली होती, खेड्यांत शिक्षक घडवणाऱ्या 'ग्राम संस्था' काढल्या होत्या. एयुबोग्लू त्या कामात आकंठ बुडालेला. १९४६ नंतर वारं फिरलं. युजेल गेला. १९४८ मध्ये अझ्राबाईंची अंकारा विद्यापीठातली नोकरी गेली. ग्राम संस्था १९५४ मध्ये बंद झाल्या. पेपर उघडला की आपल्याच हकालपट्टीच्या, आपल्याच मित्रांना दिलेल्या शिव्यांच्या बातम्या. अशा माणसांनी रेडिओ घरी ठेवला, तर ती नुसती हौस म्हणता येत नाही. पुढे १९७१ च्या लष्करी हस्तक्षेपानंतर एयुबोग्लू आणि अझ्राबाई दोघांनाही अटक झाली. सुटले, पण जानेवारी १९७३ मध्ये एयुबोग्लू गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोळीही.

बोटीवर हे लोक करत काय होते? वाद घालत होते, आणि होमर वाचत होते. अझ्राबाईंनी ए. कादिर या कवीबरोबर 'इलियड' तुर्कीत आणलं. त्यांचं म्हणणं असं, की होमर, हिरोडोटस, थेल्स ही सगळी आनातोलियाची लेकरं. ग्रीस आणि युरोपने त्यांच्यावर मालकी सांगितली, पण त्यांचे वारस या मातीतले आम्हीही आहोत, मग भाषा आणि धर्म काही असो. १९६२ मध्ये अझ्राबाईंचं 'मावी योल्जुलुक' हे पुस्तक आलं. मावी म्हणजे निळा, योल्जुलुक म्हणजे प्रवास. एजंटाचं 'ब्लू क्रूझ' ते हेच. (इंग्रजी वाचकांना हा किनारा कळला तो बराचसा फ्रेया स्टार्कबाईंमुळे. १९५२ मध्ये त्या इथून बोटीने गेल्या आणि १९५६ मध्ये पुस्तक लिहिलं.)

मला हा विचार मनापासून आवडतो, पण एक गोष्ट खटकते. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांना आपलं म्हणणं सोपं असतं, ते दारात येऊन उभे राहत नाहीत. १९२३ च्या करारानुसार याच किनाऱ्यावरच्या जिवंत ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांना उचलून ग्रीसला पाठवलं होतं आणि तिकडचे मुसलमान इकडे आणले होते. बोदरुममध्ये क्रीटहून आलेली कुटुंबं याच अदलाबदलीतली. फेतियेजवळचं कायाकोय हे गाव तेव्हापासून ओस आहे, डोंगरभर नुसत्या छप्पर नसलेल्या भिंती. गुलेतवाले अर्ध्या दिवसाची सहल म्हणून तिथे नेतात. होमरइतकीच जागा या शेजाऱ्यांनाही त्या बोटीवर मिळायला हवी होती, असं मला वाटतं.

मग स्पंजच्या बोटींचं हॉटेल कसं झालं? कारणं अगदी व्यावहारिक. कारखान्यातला कृत्रिम स्पंज स्वस्त पडू लागला, आणि १९८६ च्या सुमारास भूमध्य समुद्रातल्या स्पंजांवर रोग पडून उरलासुरला धंदाही बसला. बोटी होत्या, बांधणारे सुतार होते, किनारा पाठ असलेले कप्तान होते. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर तेच, नवीन ॲप्लिकेशन चढवलं. १९८१ मध्ये दालामानला विमानतळ झाला, १९८२ मध्ये पर्यटनाला उत्तेजन देणारा कायदा आला आणि युरोपातून पाहुणे सुरू झाले. जुनी 'तिरहांदिल' बोट दोन्ही टोकांना निमुळती असते, लाटांवर झकास चालते. पण पाहुण्यांना अटॅच्ड बाथरूम पाहिजे! म्हणून मागची बाजू रुंद आणि सपाट झाली, केबिन्स वाढल्या. जड झालेली बोट मग इंजिनवरच पळू लागली. डोलकाठ्या राहिल्या, पुष्कळ बोटींवर फोटोपुरत्या.

स्पंजवाल्यांची खरी पुण्याई मात्र बोदरुमच्या किल्ल्यात दिसते. १९८२ मध्ये मेहमेत चाकर नावाच्या पाणबुड्याने कप्तानाला सांगितलं, की तळाशी 'कान असलेली धातूची बिस्किटं' पडली आहेत. ती निघाली कांस्ययुगातल्या जहाजातली तांब्याची लगड, सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीची. उलुबुरुनचं हे जहाज १९८४ ते १९९४ अशी अकरा उन्हाळे उपसत होते. दहा टन तांबं, एक टन कथील. आता तो ऐवज किल्ल्यातल्या पाण्याखालच्या पुरातत्त्वाच्या म्युझियममध्ये आहे. ज्या किल्ल्यात आपल्याला डांबणार असं जेवात शाकिरला वाटलं होतं, तोच किल्ला.

आणि हो, समोर दिसणारं कोस बेट ग्रीसचं, म्हणजे युरोपियन युनियनचं. २०१५ मध्ये बोदरुमच्या किनाऱ्यावरून हजारो निर्वासित रात्री रबरी बोटींत बसून तिकडे निघत होते. सप्टेंबरमध्ये वाळूवर पालथ्या पडलेल्या लहानग्या सीरियन मुलाचा जो फोटो जगभर छापला गेला, तो इथलाच. त्याच पाण्यात, त्याच उन्हाळ्यात गुलेतही फिरत होत्या.

जायचंच असेल तर दोन गोष्टी आधी लेखी विचारून घ्या. एक, रोज इंजिन किती तास चालवणार, कारण त्यापुढचं डिझेल तुमच्या खिशातून जाऊ शकतं. दोन, शिडं खरंच उभारणार का. उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा 'मेलतेम' वारा छान भरतो आणि काही कप्तान अजून हौशी आहेत. १९८९ पासून बोदरुम कप नावाची लाकडी बोटींची शर्यत होते, तिथे याच जाड्या गुलेत शिडं फुगवून पळतात.

आणि मार्ग गोचेकवरून जात असेल तर ताशयाका खाडीत थांबायला सांगा. एयुबोग्लूचा धाकटा भाऊ बेद्री रहमी हा चित्रकार, तोही या सफरींवर असायचा. १९७० च्या दशकात त्याने तिथल्या एका खडकावर मासा रंगवला. तो अजून आहे, आणि खाडीला आता लोक बेद्री रहमीचं नाव सांगतात. बोटी दुपारच्या जेवणाला तिथे नांगर टाकतात.