पाणपोईचे कूळ

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीतला एक दानलेख कोरलेला आहे. दीनिकाचा मुलगा आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने कोणाला काय दिले, याची ती यादी. गाई दिल्या, सोने दिले, सोळा गावे दिली. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदली. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्या उतरायला फुकट नावा ठेवल्या. आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ आणि ‘प्रपा’ उभारल्या. सभा म्हणजे वाटसरूने टेकायची जागा आणि प्रपा म्हणजे त्याने पाणी प्यायची जागा. लेखाचा काळ सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. या प्रपेचे प्राकृतात ‘पवा’ झाले आणि मराठीत ‘पोई’. आपली पाणपोई ती हीच.

हे लेणे ज्या डोंगरात आहे तो त्रिरश्मी डोंगर मुंबई-आग्रा महामार्गालगत पाथर्डी फाट्याजवळ उभा आहे. तिथून शहराच्या दिशेने आले की मुंबई नाका आणि मग द्वारका चौक. आग्र्याकडे जाणारा आणि पुण्याकडे जाणारा असे दोन मोठे रस्ते इथे एकमेकांना मिळतात. वर उड्डाणपूल, खाली रिक्षांच्या रांगा, एसटीची आणि खासगी गाड्यांची वाट पाहणारी माणसे, हातगाड्या, माल वाहणारे हमाल. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा तापलेले डांबर, काँक्रीट आणि इंजिने यांच्यामध्ये ही माणसे तासन्‌तास उभी असतात. हवामान खात्याचा पारा सावलीतला असतो. चौकात उभ्या माणसाच्या अंगावर त्याशिवाय उन्हाचा आणि जमिनीतून वर येणाऱ्या धगीचा मारा असतो. अशा ठिकाणी जीव वाचवणारी पहिली व्यवस्था कोणती, हे आपल्या पूर्वजांनी फार आधी ठरवले होते. तिचे कूळ शोधायचे ते एवढ्यासाठी की ती कशी चालत असे आणि कुठे चुकली, हे दोन्ही आज उपयोगी पडणारे आहे.

उषवदाताच्याही आधी सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात सांगितले आहे, की रस्त्यांवर वड लावले, आमराया लावल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खोदल्या आणि माणसांसाठी व जनावरांसाठी जागोजागी पाणी पिण्याची ठिकाणे केली. सावली, विश्रांती आणि पाणी या तीन गोष्टी तिथे एकत्र येतात आणि जनावरांची आठवण माणसांच्या बरोबरीने ठेवली जाते. पुढच्या सगळ्या इतिहासात हाच जोड पुन्हा पुन्हा भेटतो.

सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे मराठीच्या पूर्वज महाराष्ट्री प्राकृतात, पाणपोईवरची एक गाथा आहे. वाटसरू वर डोळे लावून पाणी पितो आणि ते लवकर संपू नये म्हणून ओंजळीची बोटे विलग ठेवतो. पाणी घालणारी तरुणीही धार बारीक बारीक करत जाते. गाथा शृंगाराची, पण तिच्यातून त्या काळच्या पाणपोईचे चित्र मिळते. पाणी घालायला माणूस नेमलेले असे, पाणी वरून धारेने दिले जाई आणि पिणारा ते ओंजळीने पिई. भांड्याला तोंड लागत नसे. साथीच्या रोगांच्या दृष्टीनेही ही रीत शहाणपणाची होती. याच धारेला पुढे जातीचे विष लागले, ती गोष्ट पुढे येईलच.

मध्ययुगात पाणपोईचे नियमच झाले. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. त्यात चैत्राच्या कर्तव्यांमध्ये प्रपादान येते. भविष्यपुराणाच्या आधाराने सांगितला जाणारा हा विधी मला आजही थक्क करतो. फाल्गुन संपून चैत्र लागला की चांगला दिवस पाहून प्रपा सुरू करावी. ती गावाच्या मध्यावर, रस्त्यावर किंवा मोठ्या झाडाखाली असावी. मांडव दाट सावलीचा असावा आणि त्यात पाण्याने भरलेले रांजण ठेवावेत. पाणी पाजायला चांगल्या वर्तनाचा माणूस योग्य वेतन देऊन नेमावा. प्रपा सर्व प्राणिमात्रांसाठी आहे असे म्हणून ती अर्पण करावी आणि पाणी चार महिने खंड न पाडता द्यावे. ज्याला एवढे परवडत नाही त्याने रोज पाण्याने भरलेला एक घट, ‘धर्मघट’, द्यावा.

यातला पुण्याचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. व्यवस्था म्हणून पाहिले तर मात्र यात काही सुटलेले नाही. जागा वर्दळीची आहे, सावली आहे, साठा आहे, पगारी माणूस आहे, मुदत आहे आणि कोणालाही वगळायचे नाही हा संकल्प आहे. चैत्रापासून चार महिने म्हणजे आषाढापर्यंत, पाऊस नीट लागेपर्यंत. आपल्याकडे अजूनही पुष्कळ पाणपोया पाडव्याला सुरू होतात आणि अक्षय्य तृतीयेला उदककुंभ देण्याची रीत आहे. खानदेशात आणि नाशिकच्या कसमादे पट्ट्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. चैत्रात सप्तशृंगगडाकडे खानदेशातून पायी निघालेल्या भाविकांना वाटेवरची गावे पाणी आणि ताक देतात, त्यामागेही हाच जुना संस्कार आहे.

ज्यावर हे सगळे तोललेले होते तो रांजण म्हणजे नाशिकसारख्या कोरड्या उन्हाळ्यातले अचूक यंत्र. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते आणि कोरड्या हवेत त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती आतल्या पाण्यातून ओढली जाते. म्हणून रांजण ओल्या वाळूत बसवायचा, भोवती ओले गोणपाट गुंडाळायचे आणि आत वाळ्याची जुडी सोडायची. आपले शरीरही याच नियमाने गार राहते, घामाची वाफ झाली तर. घामासाठी पाणी लागते, आणि घामावाटे मीठही जाते. पाणी संपले की घाम थांबतो, शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर चढते, माणूस बरळू लागतो, कोसळतो. पाणपोईवर पाण्यासोबत गूळ द्यायची रीत होती, ताक किंवा पन्हे असेल तर त्यात मीठ असे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाण्याच्या द्रावणाने कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले, तेव्हा ही जोडी किती मोलाची आहे हे जगाला कळले.

अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी हे काम राज्याचे काम म्हणून केले. नाशिकहून आग्र्याकडे जाताना लागणाऱ्या चांदवडला होळकरांचा रंगमहाल आजही आहे. अहिल्याबाईंच्या निधनानंतर काही दशकांनी ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कम याने माळव्यातल्या लोकांकडून ऐकून लिहिले, की उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला त्यांनी रस्त्यांवर माणसे नेमली होती, आणि महेश्वरजवळच्या शेतांत नांगराचे बैल मध्येच थांबवून त्यांना पाणी पाजले जाई. पुढे मुंबईत दानशूर व्यापाऱ्यांनी दगडी कोरीव प्याऊ बांधल्या. भात बाजारातली १८७६ ची केशवजी नाईक यांची प्याऊ त्यांतली नावाजलेली. माणसांना पाणी आणि बैल-घोड्यांना हौद ही या प्याऊंची ठेवण.

या कुळात एक मोठा कलंकही आहे आणि तो लपवला तर कुळकथा खोटी ठरेल. ‘सर्व प्राणिमात्रांसाठी’ म्हणणाऱ्या समाजाने जनावरांना हौद बांधले आणि माणसांच्या एका मोठ्या भागाला पाण्यापासून दूर ठेवले. पाणी पाजणारा वरच्या जातीचा असला म्हणजे सगळ्यांना त्याच्या हातचे चालेल, हा हिशेब. पिणारा ‘अस्पृश्य’ असेल तर तीच वरून घातलेली धार अपमानाची होई किंवा मिळतच नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे, की शाळेत शिपायाने नळ सोडला तरच त्यांना पाणी मिळे, शिपाई नसला तर पाणी नाही. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला मसूर स्थानकावरून गोरेगावकडे बैलगाडीने निघालेल्या लहानग्या बाबासाहेबांजवळ आणि सोबतच्या मुलांजवळ डबा भरलेला होता, पण वाटेत पिण्याजोगे पाणी कोणी दिले नाही. टोलनाक्यावर मागितले, तिथेही नाही. पाण्यावाचून अन्न घशाखाली उतरले नाही आणि मुले उपाशी झोपली.

महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला आणि सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात असे ठरले. ठराव कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तीन वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी ते नाशिकला आले. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात कोणालाही अडवता येणार नाही असे स्पष्ट लिहिले गेले. प्रपेच्या जुन्या संकल्पातला ‘सर्व’ हा शब्द खरा करण्याचे काम या लढ्यांनी केले. म्हणून पाणपोईच्या कुळात उषवदात आणि अहिल्याबाई जितके आहेत तितकेच फुले आणि आंबेडकर आहेत.

त्यानंतर पाणपोई आटली ती वेगळ्या कारणाने. १९६५ मध्ये बिसलेरीने बाटलीबंद पाणी आणले आणि पुढच्या काही दशकांत तहान ही खिशाची बाब झाली. ज्याच्या हातात बाटली आहे त्याला पाणपोई दिसेनाशी झाली. ज्याच्या हातात नाही तो घोट घेण्याआधी पैशांचा विचार करू लागला, आणि उन्हात राबणाऱ्यांत त्याचीच संख्या जास्त. स्त्रियांचे आणखी अवघड. जवळ स्वच्छ शौचालय नाही म्हणून कितीतरी जणी बाहेर पडल्यावर पाणीच पीत नाहीत. अशा बाईला पाणपोईने काय होणार? उष्म्याच्या दृष्टीने शौचालय हा पाणपोईचाच भाग धरला पाहिजे.

हा विषय जिवाचा आहे. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू झाले आणि त्यातून त्या शहराने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. पिण्याच्या पाण्याची ठिकाणे हा त्यातला एक आधार होता. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर दुपारी उन्हात बसलेल्या जनसमुदायातले चौदा जण दगावले.

म्हणून द्वारकेवर पाणपोई असावी आणि ती जुन्या नियमांची असावी. चौकाला मिळणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर, रिक्षा आणि एसटी थांबते तिथेच, दाट सावलीचा मांडव आणि टेकायला बाक. माठ रोज घासलेले, झाकलेले, तोटीचे किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याचे. सोबत मीठ-साखरेचे पाणी: लिटरभर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तिथे बसणारा माणूस पगारी असावा आणि त्याला उष्माघात ओळखता यावा. कोणी बरळत असेल, अंग तापून लाल झाले असेल, तर त्याला सावलीत आडवे करायचे, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारून वारा घालायचा, मान, काखा आणि जांघेत गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी मुळीच घालायचे नाही. शेजारी गाई-कुत्र्यांसाठी हौद आणि पाखरांसाठी पसरट भांडे, कारण मूळ संकल्पात तेही आहेत.

दरवर्षी उत्साहाने उघडलेल्या कितीतरी पाणपोया वैशाखातच कोरड्या पडतात. फलक राहतो, माठ रिकामा होतो, भरणारे कोणी नसते. जुन्या विधीने दानापेक्षा सातत्यावर भर दिला होता तो याच अनुभवातून असावा. महापालिका असो, रिक्षावाल्यांची संघटना असो, गणेश मंडळ असो की चौकातले दुकानदार, येत्या पाडव्याला जो कोणी पाणपोईची फीत कापेल त्याने आषाढापर्यंत रोज माठ कोण भरणार, त्याचे नाव आणि त्याचा पगार त्याच दिवशी ठरवावा.