बीजांडाचे लहानसे दार

रात्रभर भिजत घातलेला पावट्याचा टपोरा दाणा दोन बोटांत हलकेच दाबला, तर त्याच्या डोळ्याजवळ पाण्याचा बारीक थेंब डोकावतो. तेथे एक छिद्र असते. इंग्लंडमधील वैद्य नेहेमाया ग्रू याने ते १६७२ साली आपल्या ग्रंथात नोंदविले.

दाणा होण्यापूर्वी, फुलाच्या अंडाशयात, त्याचे जे इवलेसे पूर्वरूप असते ते बीजांड; आणि बीजांडाच्या वेष्टनांनी टोकाशी मोकळी ठेवलेली वाट म्हणजे हे छिद्र. मराठीत त्यास बीजरंध्र म्हणतात. फ्रेंच वनस्पतिज्ञ त्युर्पँ याने १८०६ मध्ये त्याला ‘मायक्रोपाइल’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘लहानसे दार’. नवल असे, की नाव ठेवणाऱ्यालाच ते दार पुरते उमगले नव्हते. फलनद्रव्य आत नेणाऱ्या वाहिन्या तुटल्यावर मागे राहिलेला तो व्रण होय, अशी त्याची समजूत. रॉबर्ट ब्राउन याचा निबंध १८२५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचला गेला, तेव्हा फलनापूर्वीच हे छिद्र उघडे असते असे दिसून आले. जखमेच्या आधी व्रण कोठून येणार? शब्द तोच राहिला. अर्थ मात्र पालटला.

मग या दारातून आत जाते कोण? इटलीतील आमिची याने १८२४ मध्ये घोळीच्या फुलात (आपल्याकडे जिची भाजी करतात तीच ही घोळ) परागकणातून निघालेली नलिका पाहिली, आणि १८३० मध्ये अशा नलिका थेट बीजांडापर्यंत पोहोचतात असे कळविले. खरा वाद येथून पेटला. पेशीसिद्धांताच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या श्लायडेनने १८३७ मध्ये प्रतिपादन केले, की आत शिरलेल्या नलिकेचे टोकच वाढून गर्भ होते. बीजांड केवळ त्याच्या पोषणाची जागा. पुरुष बीज आणि स्त्री क्षेत्र, ही मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील कल्पना जणू जर्मनीत सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा अवतरली! श्लायडेनचा दरारा मोठा, त्यामुळे हे मत सहजासहजी हटेना.

आमिचीने १८४६ मध्ये आमरांच्या फुलांवरून दाखवून दिले, की गर्भाचा मूळ कण बीजांडात नलिका येण्यापूर्वीच सिद्ध असतो. लाइपझिगमध्ये घरचा ग्रंथव्यवसाय सांभाळून स्वतःच्या बळावर वनस्पतिशास्त्र शिकलेल्या होफमाइस्टरने १८४९ मध्ये अनेक जाती तपासून त्यास पुष्टी दिली. १८८४ मध्ये स्ट्रासबुर्गरने दोन्हींकडील केंद्रकांचा संयोगच पाहिला. माता म्हणजे नुसती जमीन नव्हे, हे आता निर्विवाद ठरले.

दाराचा प्रश्न मिटला असे वाटत असतानाच जावातील ट्रॉइब या डच शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये सुरूच्या झाडाविषयी निराळीच वार्ता दिली. किनाऱ्यावर वाऱ्याने सूं सूं करणारे हे झाड; त्याच्या परागनलिकेने हे दार टाळून बीजांडाच्या तळातून वाट काढलेली होती. ट्रॉइबने एवढ्यावरून फुलझाडांची नवी विभागणीच सुचविली. ती टिकली नाही, कारण पुढे भूर्जवृक्षात आणि अक्रोडातही नलिका तळातूनच जाते असे आढळले.