थर्ड पार्टी कंट्रोल

डेस्कटॉप प्रणालीच्या पडद्यावरील तक्ता, तारखेचा रकाना, शोधयादी, आलेख हे घटक प्रोग्रॅमरने स्वतः न लिहिता त्रयस्थ कंपनीकडून तयार घेतले, तर त्यांना ‘थर्ड पार्टी कंट्रोल’ म्हणतात.

इतिहास : व्हिज्युअल बेसिकच्या पहिल्या आवृत्तीपासून (१९९१) व्हीबीएक्स घटकांची बाजारपेठ वाढली. १९९५ मध्ये ३२ बिटी ओसीएक्स घटक आले. १९९६ पासून त्यांना ॲक्टिव्हएक्स हे नाव रूढ झाले. डॉटनेटच्या (२००२) काळात डेव्हएक्सप्रेस, टेलेरिक, इन्फ्राजिस्टिक्स, सिंकफ्यूजन यांचे संच प्रचलित झाले.

देवनागरी : मराठी प्रणालीसाठी कंट्रोल निवडताना तो देवनागरी नीट दाखवतो का, हाच सर्वांत महत्त्वाचा निकष होय. व्हिज्युअल बेसिक ६ मधील (१९९८) मूळ कंट्रोल युनिकोड या संकेतप्रणालीतील मजकूर दाखवत नसत. त्यामुळे सी-डॅकचे आयएसएम किंवा मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी यांसारख्या पुण्यातील संचांचे फाँट वापरून मराठी मजकूर दाखवला जाई. माहितीही फाँटच्याच संकेतांत साठवली, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर वाचता येत नाही आणि वर्णक्रमही बिघडतो. युनिकोडमध्ये ‘ळ’चा संकेतांक ‘ल’नंतर लगेच येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. म्हणून केवळ संकेतांकांवर क्रम लावणारा तक्ता ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी दाखवतो. स्वतःच मजकूर रेखाटणारे काही तक्ते जोडाक्षरे तोडतात, तर ओळीची उंची कमी पडल्यास रफार आणि वेलांट्या कापल्या जातात.

बारामती-इंदापूर परिसर : बारामती तालुक्यातील माळेगाव व सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगरचा श्री छत्रपती हे येथील प्रमुख सहकारी साखर कारखाने. कंट्रोल कसा निवडावा, हे अशा कारखान्याच्या उदाहरणावरून कळते. तेथे ऊसनोंद, लागणीची तारीख, तोडणी कार्यक्रम, काटापावती आणि पंधरवड्याचे बिल अशी ऊसहिशेबाची साखळी असते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात, म्हणून नोंदी वेळेवर व्हाव्या लागतात. हंगामात वाहनांची रांग लागलेली असताना काट्यावरच्या लिपिकाला माउसकडे हात नेण्याची सवड नसते. अशा कामाला एंटर दाबताच पुढच्या रकान्यात जाणारा, सभासद क्रमांकावरून नाव आणणारा साधा तक्ता शोभिवंत आलेखांपेक्षा अधिक उपयोगी ठरतो.



परवाना : कंट्रोलचा परवाना बहुधा प्रत्येक प्रोग्रॅमरमागे घ्यावा लागतो.

मर्यादा : ३२ बिटी ओसीएक्स ६४ बिटी प्रोग्रॅममध्ये थेट चालत नाही. निर्मात्याने घटक बंद केला आणि त्याचा मूळ कोड हाती नसला, तर दुरुस्तीचा मार्ग खुंटतो. कंट्रोल बदलता येतो. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक आणि वजन मात्र वर्षानुवर्षे टिकले पाहिजे. म्हणून नोंदी युनिकोडमध्ये आणि कंट्रोलपासून स्वतंत्र ठेवणे हे प्रणाली लिहिणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.