निपाणीचा लखोबा

आमच्या गारगोटीवरून वाहणारी वेदगंगा मुरगूड मागे टाकून निपाणीच्या बाजूला जाते. निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी, नावाजलेली पेठ. तिथे सचोटीचे व्यापारी पुष्कळ होऊन गेले. पण निपाणीचा तंबाखूवाला म्हटले की मराठी माणसाला आठवतो तो एकच, आणि तो तर कधी जन्मालाच आला नाही! आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकातला लखोबा लोखंडे. त्याला नायक म्हणायचे ते नाटक त्याच्याभोवती फिरते म्हणून. एरवी बायकांना लग्नाच्या भुलाव्याने लुबाडणाऱ्या या इसमाला कोणी आपल्या ओसरीवरही बसू देणार नाही.

या नाटकाचा पहिला प्रयोग दिल्लीत ८ ऑक्टोबर १९६२ रोजी झाला. निर्मिती ‘नाट्यनिकेतन’ची, दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचे. मूळ सामग्री माधव काझी नावाच्या भामट्यावरील खऱ्या खटल्याची. प्रभाकर पणशीकरांनी लखोबा, दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे, राधेश्याम महाराज आणि दाजीशास्त्री दातार अशी पाच सोंगे वठवली.

अत्रे म्हणजे गडगडाट. व्यासपीठावर काय, अग्रलेखात काय, हातचे राखून बोलणे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी या नाटकात मात्र विलक्षण संयम पाळला. सारी कथा त्यांनी न्यायालयात नेऊन बसवली. पापे आधीच घडून गेलेली आहेत. साक्षीदार बोलू लागतो, फिरता रंगमंच वळतो, मागचा प्रसंग दिसतो, आणि पुन्हा तोच पिंजरा. लखोबा वकील देत नाही. स्वतःच उलटतपासणी घेतो, तीही मोठ्या अदबीने. त्याच्या हजरजबाबीपणाला आपण हसतो, आणि इथेच आपण फसतो. ज्या बाईचे आयुष्य धुळीला मिळाले, ती समोर उभी असताना आपण तिला फसवणाऱ्याला दाद देत असतो!

विवाहातला अन्याय मराठी रंगभूमीला नवा नव्हता. देवलांची ‘शारदा’ १८९९ सालची. पण त्यातला भुजंगनाथ म्हातारा आहे हे आंधळ्यालाही दिसत होते. तिथे पाप उघड्यावर होते. गाव पाहत होते. लखोबाच्या काळापर्यंत जग पालटले. आगगाडी आली, बदलीच्या नोकऱ्या आल्या, वर्तमानपत्रांत वधूवरांच्या जाहिराती येऊ लागल्या. परगावचा, ज्याचे घरदार कोणी पाहिलेले नाही, असा जावई मिळू लागला.

कायदाही आला होता. मुंबई इलाख्यात १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्याविवाहाला बंदी झाली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू केली. पहिली बायको लपवून दुसरी करणाऱ्याला त्या वेळच्या दंडविधानात दहा वर्षांपर्यंत कैद होती. पण शिक्षा व्हायची तर पहिला नवरा आणि दुसरा नवरा एकच, हे आधी शाबीत व्हायला हवे. लखोबा नेमका तिथे हात घालतो. असे काही घडलेच नाही, असे तो म्हणत बसत नाही. घडले असेल, पण तो मी नव्हे! एका कारकुनी शंकेच्या आडोशाला एवढा मोठा अधर्म लपू शकतो, हे अत्र्यांनी ओळखले.

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाट्यप्रवेश करायचा ठरला की लखोबा होण्यासाठी मुलांची झुंबड उडते. साक्षीला उभी राहणारी बाई व्हायला मात्र कोणी पुढे येत नाही. मुलांना मी दोष देत नाही. टाळ्या लखोबाला आहेत. कादंबरी लिहिताना मलाही हेच जाणवते, की लबाड माणूस कागदावर आपणहून चालू लागतो आणि सोसणाऱ्या माणसाला शब्द सापडता सापडत नाहीत.

पण नाटक पुन्हा वाचावे आणि त्या बायकांवर नजर ठेवावी. ज्याने फसवले त्याच्याच प्रश्नांना भर न्यायालयात उत्तरे द्यायची, आपली लाज चव्हाट्यावर मांडायची आणि तरीही बोट दाखवून सांगायचे, की तो हाच! नाटकातले खरे धैर्य तेवढेच आहे. लखोबाची हुशारी तरी कसली? कोणाला जावयाचा गणवेश हवा होता, कोणाला महाराजांचे पाय धरायचे होते. ज्याला जे हवे ते त्याने अंगावर चढवले, एवढेच.

पणशीकर २०११ साली गेले. लखोबा मात्र अजून फिरतोच आहे; आता तो मोबाइलवरून स्थळे पाहतो. तुळशीचे लग्न लागले की घरोघर बोलणी सुरू होतील. पगार, घर, जमीन हे सारे जरूर विचारावे. पण त्याआधी चार माणसे त्याच्या गावी पाठवून तो खरोखर कोण, हे विचारून यावे. आणि एवढे करूनही एखादी लेक फसलीच, तर तिला घराच्या कोपऱ्यात न बसवता न्यायालयाच्या पायरीपर्यंत तिच्याबरोबर चालत जावे.